आवाज एकाचा, वेग सगळ्यांचा: इंदूरच्या एका कॉलनीतलं प्रकरण

कॉलनीच्या रस्त्यावरच्या गोंगाटी आणि भरधाव गाड्यांच्या या प्रकरणात मी रहवासी संघाचा सचिव होतो, म्हणजे चुकांमध्ये माझाही वाटा आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून कॉलनीचं नाव दिलेलं नाही आणि काही खाणाखुणा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागात, अन्नपूर्णा मंदिराच्या पलीकडे, जुन्या वसाहतींच्या रांगेत आमची कॉलनी आहे. निम्मी घरं मराठी, बाकी माळवी आणि सिंधी. बँकेतून, वीज मंडळातून, शाळांमधून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ. संध्याकाळी ओट्यावर खुर्च्या निघतात आणि पोरं रस्त्यावरच क्रिकेट खेळतात.

कॉलनीच्या मधोमध साधारण 400 मीटरचा एक सरळ रस्ता आहे. वर्षानुवर्षं तो डांबरी होता, म्हणजे नावापुरता डांबरी. एका पावसाळ्यात खड्डे बुजवायचे आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा उघडे पडायचे. आम्ही अर्जावर अर्ज केले, पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, मागे लागलो आणि 2023 मध्ये सिमेंटचा गुळगुळीत रस्ता झाला. नारळ फुटला, पेढे वाटले. ते खड्डे हेच आमचे गतिरोधक होते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रस्त्याचं एक टोक मुख्य मार्गावर निघतं, दुसरं रिंग रोडच्या बाजूला. मधला सिग्नल चुकवायचा असेल तर आमची कॉलनी सोयीची. रस्ता खराब होता तोवर ही वाट फक्त आम्हालाच माहीत होती. तो चांगला झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ती सगळ्या भागाला माहीत झाली.

प्रश्न

दिवाळीनंतर ती गाडी सुरू झाली. छोटी, गडद रंगाची, खाली दबलेली. रात्री साडेबाराच्या आसपास ती मुख्य मार्गावरून आत वळायची. आधी घुमणारा आवाज यायचा. मग रस्त्याच्या मध्यावर चालवणारा अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि फाड-फाड-फाड असे तीन-चार बार निघायचे. पहिल्या रात्री समोरच्या काकूंना वाटलं, ट्रान्सफॉर्मर उडाला.

हा आवाज कशाचा, ते पुढे एका गॅरेजवाल्याने समजावलं. मूळ सायलेन्सर काढून तिथे सरळ पाइप बसवतात, त्यामुळे आवाज दाबणारं आत काही उरत नाही. शिवाय इंजिनचा संगणक असा फिरवून घेतात की पाय उचलला तरी थोडं पेट्रोल येत राहतं आणि ठिणगी उशिरा पडते. मग ते पेट्रोल इंजिनात न जळता बाहेरच्या नळीत जळतं, तोच फटाका. म्हणजे हा गाडीतला बिघाड नव्हता. पैसे मोजून मुद्दाम करून घेतलेली ती सोय होती.

त्याच सुमारास दुसरी घटना घडली. दुपारी सायकलवरून घरी येणाऱ्या एका मुलीला भरधाव गाडीचा आरसा लागला आणि ती पडली. कोपर फुटलं, दोन टाके पडले, निभावलं. पण कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अर्ध्या तासात ठरून गेलं की ही त्याच गाडीची करणी. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी सांगितलं होतं, "अरे, ती पांढरी शाळेची व्हॅन होती, मी बघितली ना." आजींना चष्मा आहे म्हणून त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

आमच्या साऱ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आवाज आणि वेग हे दोन वेगळे प्रश्न आम्ही एकाच गाडीच्या डोक्यावर ठेवले. जी गाडी ऐकू येते तीच वेगात असणार, असं कानांना वाटतं. पुढचे चार महिने आम्ही कानांच्या म्हणण्यावर चाललो.

समोर आलेले पर्याय

बैठक गणपती मंदिराच्या सभामंडपात झाली. पोहे झाले, चहा झाला आणि मग जो तो आपापला उपाय मांडू लागला. कुणी म्हणालं, एका टोकाला रात्री गेट लावून कुलूप घालू. पण रस्ता पालिकेचा, सार्वजनिक. त्याला कुलूप घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि रात्री दोन वाजता कुणाच्या घरी रुग्णवाहिका बोलवावी लागली तर किल्ली शोधत बसायचं का? हा पर्याय लगेच बाद झाला. कुणी म्हणालं ठाण्यात जाऊ, कुणी म्हणालं आपणच ब्रेकर घालून घेऊ. तरुण मंडळी म्हणाली, गाडीचा व्हिडिओ काढून नंबरासकट सगळ्या ग्रुपांवर टाकू, भियाची, म्हणजे त्या भाईची, हवा निघेल.

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी एकच विचारलं, "त्या मुलाचं घर कुणाला माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. मग विषय पुढे सरकला. तो तिथेच थांबायला हवा होता, असं आज वाटतं.

पहिला प्रयत्न: ठाणं आणि डेसिबल

आम्ही चौघे ठाण्यात गेलो. टीआय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, नीट ऐकून घेतलं आणि वेळ, नंबर, व्हिडिओ मागितला. आमच्याकडे वेळ होती, तीही अंदाजे. आठवडाभर गस्तीची गाडी यायची ती अकराला, आणि आमचा पाहुणा साडेबाराला. एका सरकारी हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. 'स्थळपाहणीत वाहन आढळले नाही' अशा शेऱ्याने ती बंद झाली. खोटं काहीच नव्हतं त्यात, त्या वेळी वाहन खरोखरच नव्हतं.

मग आम्ही डेसिबलच्या नादी लागलो. फोनवर आवाज मोजणारी अॅप उतरवली, गच्चीवर उभे राहिलो, आकडे टिपले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमचा आकडा त्याच्या कितीतरी वर जात होता, त्यामुळे खटला जिंकल्यातच जमा आहे असं वाटलं.

कॉलनीतल्याच एका निवृत्त अभियंत्यांनी तो फुगा फोडला. ही मर्यादा म्हणजे काही वेळाची सरासरी असते. गाडी आठ सेकंदांत निघून जाते. तासाच्या सरासरीत तो धडाका इतका पातळ होतो की कागदावर फारसं काही उरत नाही. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, एका दणक्याने मोडते. शिवाय फोनमधलं अॅप म्हणजे प्रमाणित यंत्र नव्हे. तीन आठवडे गच्चीवर थंडी खाऊन हे हाती आलं.

त्यांनीच दुसरी वाट दाखवली. आवाज किती हे सिद्ध करत बसू नका, गाडीत बदल केलाय हे दाखवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ती नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे मालकाने बेकायदा बदल केला तर दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सायलेन्सर टाळून धूर बाहेर सोडणाऱ्या गाडीसाठी कलम 194फ वेगळं आहे, आणि आवाज-धुराच्या मानकांच्या भंगासाठी कलम 190. सरळ पाइप गाडीखाली वाकून पाहिलं तरी दिसतो, त्याला डेसिबल मीटर लागत नाही. पण त्यासाठी गाडी उभी असताना सापडायला हवी, आणि आम्हाला ती फक्त पळताना दिसत होती.

दुसरा प्रयत्न: रातोरातचा ब्रेकर

याबद्दल लिहिताना आजही अवघड वाटतं.

रंगपंचमीच्या आदल्या आठवड्यात कॉलनीत एका घराचं बांधकाम चालू होतं. सिमेंट होतं, वाळू होती, मिस्त्रीही होता. वर्गणी निघाली आणि एका संध्याकाळी रस्त्याच्या मध्यावर सिमेंटचा उंच, अरुंद उंचवटा उभा राहिला. मी विरोध केला नाही. उलट पाणी मारायला माझ्याच घरचा पाइप नेला.

गतिरोधकाचंही शास्त्र आहे, हे मला नंतर कळलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाची रुंदी 3.7 मीटर आणि मधली उंची 10 सेंटीमीटर सांगितली आहे. ताशी 25 किलोमीटरने जाणाऱ्याला तो सहज पार करता यावा, जास्त वेगाने येणाऱ्याला हिसका बसावा, हा त्यामागचा हिशेब. आधी सूचनाफलक आणि वर रंगाचे पट्टे हवेत. आमचा उंचवटा जेमतेम दीड फूट रुंद होता, भिंतीसारखा चढणारा, आणि त्यावर रंगाचा टिपूसही नव्हता. असल्या उंचवट्यावर वेगातल्या मोठ्या गाडीला फारसं काही होत नाही, तिची चाकं तो गिळून टाकतात. हिसका बसतो तो लहान चाकांना, स्कूटरला, रिक्षाला, सायकलला.

चौथ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघालेल्या आमच्याच गल्लीतल्या वहिनी अंधारात त्यावरून स्कूटरसकट पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्यांनी कुणाला एक शब्द लावला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याच दुपारी आम्ही मजूर लावून उंचवटा फोडला. वर्गणीतले उरलेले पैसे त्यांच्या यजमानांकडे घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

ती गाडी त्या चारही रात्री रिंग रोडच्या बाजूने आली, उंचवट्याच्या अलीकडे वळली आणि फटाके वाजवून परत गेली.

तिसरा प्रयत्न: मोजणी

यानंतर अभियंते काकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजलं. अंतर भरलं 60 मीटर. पहिला खांब ओलांडताना स्टॉपवॉच सुरू, दुसरा ओलांडताना बंद. 216 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. 7.2 सेकंद लागले तर वेग 30, 3.6 लागले तर 60. अंगठ्याची चूक पाव-अर्ध्या सेकंदाची धरली तरी गाडी पन्नाशीची की तिशीची, एवढं नक्की कळतं. शाळेतल्या मुलांना हा खेळ आवडला. दोन आठवडे सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या लागल्या.

वहीत जे उतरलं ते कुणालाच आवडणारं नव्हतं. ती गोंगाटी गाडी 60 मीटरला 4.8 सेकंद घेत होती, म्हणजे ताशी 45. कॉलनीतल्या रस्त्याला हा वेग जास्तच, पण ऐकताना तो ऐंशीचा वाटायचा. सगळ्यांत जोरात जाणारं वाहन सकाळी सात-सव्वासातच्या दरम्यान सापडलं. 3.6 सेकंद. मुलाला शाळेत सोडायला उशीर झालेली, आमच्याच समितीतल्या एका सदस्याची मोठी गाडी. तिच्यामागे दोन शाळेच्या पांढऱ्या व्हॅन. आणि एका पानावर मुलांनी इमानेइतबारे लिहिलं होतं: 'सचिव काका, स्कूटर, 5 सेकंद.' म्हणजे 43.

काका हिशेबाने बोलणारे. ते म्हणाले, ताशी 30 ने जाणाऱ्याला समोर पोर दिसल्यावर, एक सेकंद विचारात गेला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायला साधारण 13 मीटर लागतात. 60 ला साधारण 37. वेग दुप्पट झाला, अंतर जवळजवळ तिप्पट. रस्त्यावर क्रिकेटचं पिच 20 मीटरचं आहे, तुम्हीच जुळवून बघा.

आजींचा चष्मा बरोबर होता, हेही तेव्हा सगळ्यांना पटलं. शाळेच्या व्हॅनवाल्यांशी बोलायचं आणि सदस्यांनी आपापल्या घरी बोलायचं असं ठरलं. पहिलं काम एका दिवसात झालं. दुसऱ्यासाठी बरीच भांडणं झाली, त्यांचा तपशील इथे देत नाही.

निर्णयाचा क्षण: त्याच्या घरी कुणी जायचं

मोजणीच्या काळात गाडीचा नंबर स्पष्ट मिळाला, आणि घरही सापडलं. आम्ही इतके दिवस 'बाहेरचं पोरगं' म्हणत होतो. तो निघाला दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मराठी कुटुंबातला. बावीस-तेवीस वर्षांचा, परवाना असलेला. त्याचे आजोबा पूर्वी आमच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या याद्या लिहीत. अल्पवयीन असता तर कलम 199अ प्रमाणे पालकांवरच खटला, 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. ती इथे लागू नव्हती.

तरुण मंडळींनी व्हिडिओ तयार ठेवला होता, शीर्षकही ठरलं होतं. रात्री मला फोन आला, "काका, टाकू का?" मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत थांबा. या प्रकरणात मी बरोबर केलेली बहुधा ही एकच गोष्ट. व्हिडिओ फिरला असता तर तो घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर आधी पोचला असता, आणि नंतर बोलायला दार उघडं राहिलं नसतं.

शिष्टमंडळ न्यायचं नाही, हे बाईंनी ठरवलं. मुलाच्या वडिलांना त्यांनी सहावी-सातवीत मराठी शिकवलं होतं. त्या, प्लास्टर उतरलेल्या वहिनी आणि मी, असे तिघे रविवारी सकाळी गेलो. वडिलांनी बाईंना वाकून नमस्कार केला. मुलाच्या आजी आतून म्हणाल्या, "बाई, ऐकतो का तो आमचं? तुम्हीच सांगा."

मुलगा आला. कायद्याचं सगळं मी पाठ करून गेलो होतो, पण बाईंनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी विचारलं, "केवढ्याला बसवलंस रे ते?" त्याने रक्कम सांगितली. वडिलांना ती रक्कम त्या क्षणी कळली. बाई म्हणाल्या, "आमच्या शेजारी नाना झोपतात. हृदयाला बायपास झालीये. आवाज झाला की उठून बसतात, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. तू दिवसा वाजव, मी गॅलरीत येऊन बघीन. रात्री नको."

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "बाई, मला वाटायचं लोक बघतायत." त्याच्या मते ते कौतुकाने पाहत होते.

माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं, आणि त्याचा परिणाम बहुधा जास्त झाला. गाडीत न कळवता केलेल्या बदलांवरून अपघातात विमा कंपनी दावा अडवू शकते. वडिलांनी मान वर केली.

निकाल

रात्रीची फेरी त्या आठवड्यापासून बंद झाली. पाइप मात्र लगेच निघाला नाही. रिंग रोडवरून तो आवाज अधूनमधून यायचा, फक्त लांबून. पावसाळ्यात वाहतूक पोलिसांच्या सूबेदारांनी बदल केलेल्या गाड्यांची तपासणी लावली, त्यात त्याचं चालान झालं. मूळ सायलेन्सर परत बसला तो दिवाळीच्या सुमारास, गाडी विकायला काढली तेव्हा. तशी गाडी घ्यायला कुणी तयार नव्हतं. बाई याचं श्रेय स्वतःकडे घेत नाहीत आणि मीही त्यांना देत नाही. पण रात्रीची झोप चालानामुळे परत आली नाही, एवढं सांगतो.

वेगाचं काम कागदावर झालं. मोजणीची वही, रस्त्याचा नकाशा, शाळेच्या वेळा, वहिनींच्या पडण्याचा उल्लेख असा अर्ज आम्ही केला. एक प्रत पालिकेच्या झोन कार्यालयात, एक पार्षदांकडे, एक कलेक्टर कार्यालयातल्या मंगळवारच्या जनसुनवाईत. स्वतः घातलेला आणि फोडलेला उंचवटाही त्यात लपवला नाही. पालिकेचे उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंते, येऊन पाहून गेले. दोन रुंद, गोलसर गतिरोधक झाले, पांढरे-पिवळे पट्टे आले, दोन्ही टोकांना फलक लागले. मुलांनी पुन्हा मोजणी केली. गतिरोधकाजवळ गाड्या पंचवीस-तिशीवर आल्या. दोन गतिरोधकांच्या मधल्या पट्ट्यात मात्र काहीजण अजूनही गाडी दामटतात आणि पुढच्या गतिरोधकाआधी करकचून ब्रेक मारतात.

पुन्हा वेळ आली तर

मोजणी पहिल्याच आठवड्यात करीन. टेप, वही आणि फोन याशिवाय तिला काही लागत नाही. ती आधी केली असती तर चार महिने वाचले असते आणि एक मनगटही.

आवाजाची तक्रार आणि वेगाची तक्रार वेगवेगळ्या कागदावर लिहीन. आवाजामागे एक माणूस असतो, त्याच्याशी बोलता येतं. वेगामागे रस्ता असतो. तो रुंद, सरळ आणि गुळगुळीत असेल तर सज्जन माणूसही पाय दाबतो, हे मी स्वतःच्या स्कूटरवरून सांगतो. नवा रस्ता मंजूर होताना त्याच्या नकाशातच गतिरोधक मागायला हवे होते. आम्ही मागितले ते पेढे.

घरी जाण्याबाबत माझा एक संशय उरतो. तो मुलगा आपल्यातला निघाला, आजोबा ओळखीचे, वडील बाईंचे विद्यार्थी. तो खरोखर बाहेरचा असता, भाषा वेगळी असती, ओळख नसती, तर आम्ही सकाळपर्यंत थांबलो असतो का? व्हिडिओ त्याच रात्री गेला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाईंना हे विचारलं तर म्हणाल्या, "मग मी हिंदीतून बोलले असते."

एक गोष्ट कुणीच धरली नव्हती. दुसरा गतिरोधक ज्या घरासमोर आला तिथले काका आता वेगळ्या आवाजाने जागे होतात. पहाटे भाजीच्या रिकाम्या लोडिंग गाड्या त्यावरून जाताना मागचा पत्रा खडखडतो आणि उतरल्यावर प्रत्येक जण गिअर बदलून जोर देतो. त्यांनी झोपायची खोली मागे हलवली आहे. गतिरोधक 20 मीटर पुढे, मोकळ्या प्लॉटसमोर सरकवावा असा त्यांचा अर्ज गेल्या आठवड्यात झोन कार्यालयात दिला. सचिव म्हणून त्यावर सही माझी आहे.